बैलाकरवी निरोप

आमच्या झाडीपट्टीत नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतात, तेही कोणी दार अडवून उभं राहिलं तर. भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, नाव तर उखाण्यातही येत नाही. माझी पन्नाशी उलटली, मुलगा नागपूरला कामाला लागला, हातात मोबाइल आला, पण जिभेला लागलेलं वळण काही गेलं नाही. म्हणून इथे कोणाचंच नाव येणार नाही. बैलांचंही नाही, कारण त्यांना आम्ही ते कधी ठेवलंच नव्हतं. एक तांबडा, एक पांढरा, एवढ्यावर त्यांचं निभावलं.

नावाचं सोडा, भासऱ्यांशी बोलायचंही नसतं. ते समोरून आले की पदर डोक्यावर घ्यायचा, बाजूला सरायचं आणि ते जाईपर्यंत भिंतीकडे बघत राहायचं. नवी नवरी होते तेव्हा मला याचा भारी राग यायचा. माहेरी मी तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध होते आणि इथे घरातल्या सगळ्यात शहाण्या माणसाशी बोलायची चोरी. पण आमच्या भासऱ्यांनी त्यातून वाट काढली होती. ते बैलाशी बोलायचे आणि मी ऐकायची.

सकाळी बैल पाण्यावर नेताना आमच्या दारासमोर थांबत आणि बैलाच्या मानेवर थाप मारून म्हणत, "सांग रे तुया बाईले, चा ठेव म्हना." मी चुलीपाशी असायची. आतूनच म्हणायची, "बैलाले म्हनावं, साखर सरली. गुळाचा चालते का?" मग बाहेरून उत्तर यायचं, "चालते म्हना. गुळाचा तं आनखी चांगला." बैल बिचारा दोघांच्या मध्ये उभा राहून रवंथ करायचा. माझी थोरली जाऊ हसून म्हणायची, "माह्यासंग बोलत नाई इतकं त्या बैलासंग बोलते हा मानूस."

मुलगा लहान असताना एकदा तापाने फणफणला. माझा नवरा रानात होता. दिवस नुकता उजाडलेला, आणि भासरे अंगणात येऊन बैलाला म्हणाले, "पोराले नागभीडले नेवाले लागते. मी गाडी जुपून राह्यलो म्हना, तिले म्हना पोराले घेऊन बस." मी पोराला घेऊन गाडीत बसले. नागभीडच्या दवाखान्यापर्यंत ते वाटभर बैलांना धीर देत होते, "काई होत नाई, घाबराचं नाई, आलंच आता." बैल अजिबात घाबरलेले नव्हते. घाबरले होते ती मी, आणि ते मला धीर देत होते. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते बैल या तांबड्या-पांढऱ्याच्या आधीचे. ही जोडी भासऱ्यांनी गोऱ्हे असताना बाजारातून आणली, ती पटासाठी. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. धान निघालं, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तणसाचे ढीग लागले की गावोगाव पट भरतो, आणि पटाच्या रात्री नाटक. भासऱ्यांना पटाचं वेड होतं. पण गोऱ्हे आले आणि नेमकी पटावर बंदी आली. भासरे म्हणाले, आज ना उद्या उठेल. वर्षांमागून वर्षं गेली. त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी बांबू आणि हलक्या लाकडाची एक छकडी बनवली. पटाच्या गाडीला बैलांना ओझं जाणवता कामा नये, म्हणून तिचं एकेक लाकूड तासून तासून इतकं बारीक केलं की जाऊ म्हणायची, आता उरलं ते दात कोरायला घ्या. छकडी गोठ्याच्या आढ्याला टांगली, वर गोणपाट बांधलं. दर हिवाळ्यात ती खाली उतरायची, चाकांना ओंगण लागायचं आणि पुन्हा वर जायची. बैलांनी मात्र नांगर ओढला, चिखलणी केली, धानाचे भारे वाहिले. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की ते पटाचे बैल आहेत.

मध्ये आम्ही वेगळे झालो. भांडण नव्हतं, पोरं मोठी झाली, चुली दोन झाल्या, एवढंच. रस्त्याकडचं पुढचं घर त्यांच्याकडे, मागचं आमच्याकडे. बैलांचीही वाटणी झाली, तांबडा त्यांचा, पांढरा आमचा. नांगराला दोघं एकत्र जुंपायचे, आधी त्यांची बांधी, मग आमची. गोठ्यात मधोमध बांबूची ताटी बांधली होती, पण दोन्ही बैल रात्रभर ताटीवर माना टाकून उभे राहायचे. आठवडा झाला आणि माझ्या नवऱ्याने ती ताटी काढून चुलीत घातली. सकाळचा चहाही वाटणीत गेला नाही. भासरे आमच्याच दारात थांबायचे, फक्त आता तांबड्याला सांगायचे.

बंदी उठल्याची बातमी मोबाइलवर आली तेव्हा भासरे आजारी होते. त्यांनी छकडी खाली काढायला लावली, खाटेवरूनच तिच्या चाकावर हात फिरवला आणि म्हणाले, "हिवाळ्यात पाहू." छकडी पुन्हा आढ्याला गेली, हिवाळा त्यांना दिसला नाही.

जाऊ त्यानंतर घरातून बाहेर निघेना. रडली असती तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही. दार लोटून आत बसायची, कोणी गेलं तर दोन शब्द बोलायची आणि पुन्हा गप्प. तिची मुलगी वरोऱ्याला दिलेली. जावई चांगला, कापसाच्या बाजारात हमाली-तोलाईचं बघणारा, सासूला आईसारखं मानणारा. दोघं आले आणि म्हणाले, एकटी इथे काय करशील, चल आमच्याकडे. बांधी काका-काकूकडे बटईला, अर्ध्या वाट्याने, राहील, तांबडा बाजारात देऊन टाकू. वाईट कोणीच बोलत नव्हतं, हीच पंचाईत होती. कोणाशी भांडावं, हे मला समजेना. तिच्याबरोबर मी या घरात रोवणी केली, बाळंतपणं केली, दोघींनी मिळून सासूच्या शिव्या खाल्ल्या. ती गेली तर अंगणात मी कोणाशी भांडणार आणि कोणासमोर रडणार? आणि तांबडा गेला तर पांढऱ्याचं काय? माझा नवरा एवढंच म्हणाला, "जोडी तुटली तर मी पांढऱ्यालेबी ठेवत नाई." हे म्हणून तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

तेव्हा मला पटाची युक्ती सुचली. मी खरं तर पटाच्या विरोधात. शेतकरी माणसानं वर्षभर बैलाकडून काम करून घ्यावं आणि मग वर त्याला पळवावं, हे मला कधी पटलं नाही. पण मी जाऊकडे गेले आणि म्हटलं, "बाई, त्याईचा जीव पटात होता. एक डाव जोडी पटात पळू द्या. मंग पाहू."

ती म्हणाली, "आन पट झाल्यावर?"

"झाल्यावर तुमच्या मनानं."

"मंग नाई म्हनू नको. पट झाला का तांबड्याले देऊन टाकाचं आन मी वरोऱ्याले जाईन. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मला वेळ हवा होता. बाकी पुढचं पुढे.

जाऊने दारातूनच गोठ्याच्या आढ्याकडे बोट दाखवलं, आणि माझ्या नवऱ्याने छकडी खाली उतरवली. तिच्यावरची धूळ पुसताना तो मला म्हणाला, "अशी पातळ गाडी पाहिली का कुठी?" मी म्हटलं, "गाडी पातळ आहे, बसनारा जाडा आहे." कारण पटाचा धुरकरी, म्हणजे हाकणारा, हा सडपातळ, हलका, या कामात मुरलेला असतो, आणि तो पैसे घेतो. आमच्याकडे कुठले पैसे! तेव्हा धुरकरी म्हणून माझा नवराच बसणार होता, आणि तो बसणार म्हणजे बैलांच्या मागे धानाचं भरलं पोतं ठेवल्यासारखं. मी त्या दिवसापासून त्याचा भात कमी केला. बैलांच्या टोपल्यात ढेप, म्हणजे पेंड, वाढायची आणि त्याच्या ताटातला भात घटायचा. तो बैलांकडे ज्या नजरेने बघायचा, ते आठवून मला अजून हसू येतं.

मोठ्या पटवाल्यांची जोडी दूध पिते, अंडी खाते, बदाम खाते म्हणे. बदाम आमच्या घरात लग्नातसुद्धा आले नव्हते. आमच्या जोडीला तणस, कोंडा, उकडलेला कुळीथ आणि जवसाची ढेप. ती ढेप म्हणजे माझी दिवाळीची साडी. नवऱ्याने विचारलं, "यंदा साडी नाई?" मी म्हटलं, "बैलानं खाल्ली." पायांना मोहाच्या बियांचं तेल चोळायचं, ते घरचंच. दुपारी तलावात पोहायला सोडायचं, त्याने दम वाढतो. तलावाला कोण पैसे मागणार? थंडीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून माझा नवरा बैलांना पोहवायचा आणि संध्याकाळी स्वतः शिंकत बसायचा. बैलांना काही झालं नाही.

नागभीडहून नालबंद चाचा आला. लुनावर पेटी बांधून गावोगाव फिरणारा, दाढी मेंदीने लाल केलेला, आमच्या जोडीला पहिली नाल ठोकणारा तोच. त्याने बैलांचे पाय उचलून पाहिले आणि नवऱ्याला विचारलं, "पटाले पळवाचं हाय ना भाऊ? मंग नाल काढून टाकतो. पटाची जमीन नरम रायते. नाल रस्त्यासाठी."

नवरा म्हणाला, "पन सराव तं रस्त्यावरच करून राह्यलो चाचा."

"एक ठरवा ना मग. बैल कुठी पळनार, मैदानात का सडकेवर?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. पुन्हा काढा, पुन्हा ठोका, इतकं कोणाला झेपणार! नवीन नाल ठोकून घेतली आणि चाचाला पायलीभर नवे तांदूळ दिले. त्याने ते हातात घेऊन हुंगले आणि म्हणाला, "बिर्यानीचे नाईत, पन चालते."

सरावाला जागा एकच होती. गावापासून तलावापर्यंतचा सरळ रस्ता. रस्त्याच्या पुढच्या टोकाला जंगल लागतं, आणि आमच्याकडच्या जंगलात वाघ आहे हे मी वेगळं सांगायला नको. त्या हिवाळ्यात तर तो तलावाच्या पाळीवर दिसत होता. तेव्हा संध्याकाळी बैलांना गावाकडून जंगलाकडे पळवण्याची कोणाची छाती नव्हती. बैल स्वतःच तिकडे पाय उचलत नसत. म्हणून दुपारी जोडी हळूहळू चालवत तलावापर्यंत न्यायची, पोहवायची, तेल चोळायचं, आणि दिवस कलताना छकडीला जुंपून गावाकडे सोडायची. काय पळायचे! मागे जंगल, पुढे घर. शेतातून परतणाऱ्या बाया डोक्यावरचे भारे सावरत बाजूला व्हायच्या आणि शिव्या द्यायच्या. एकदोन जुने लोक म्हणाले, एकाच बाजूला पळवू नका, उलटंही पळवा. नवरा म्हणाला, "तुमी या ना मंग, पुढं बसा." त्यावर कोणी आलं नाही.

रस्ता गावात शिरतो तिथलं पहिलंच घर जाऊचं. तिथे बैल थांबायचे. पहिल्या दिवशी मी तिच्या दारात उभी राहून ओरडले, "बाई, बैल दमून आले. काई तरी द्या त्याईले." आतून काही आवाज नाही. मी पुन्हा ओरडले. मी ओरडायला लागले की तलावापलीकडे ऐकू जातं. शेवटी दार किलकिलं झालं आणि एक हात बाहेर आला. हातात दोन लाडू होते. भाजलेली मोहफुलं आणि जवस एकत्र कुटून केलेले. हे लाडू ती भासऱ्यांसाठी करायची, ते रानात जाताना धोतराच्या सोग्यात बांधून न्यायचे. ते गेल्यानंतरही ती करत होती, आणि खाणारं कोणी नव्हतं. मी ते लाडू घेतले आणि बैलांना एकेक चारला.

दुसऱ्या दिवशी बैल स्वतःच दारासमोर जाऊन उभे राहिले. मोहाचा वास बैलाला लांबून कळतो. त्या दिवशी अर्धं दार उघडलं. मग कधी तरी ती उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. मग पायरीवर. मग घुंगरांचा आवाज आला की रस्त्यापर्यंत येऊन उभी. एक दिवस पांढऱ्याने आपला लाडू संपवून तिच्या पदरात तोंड घातलं आणि तांबड्याचाही लाडू पळवला, तेव्हा ती हसली. कितीतरी महिन्यांनी तिला हसताना पाहिलं. मी घरात जाऊन नवऱ्याला हे सांगितलं, आणि आनंदाच्या भरात त्या रात्री त्याला पोटभर भात वाढला.

पण पट जवळ यायला लागला तशी माझी झोप उडाली. अख्ख्या गावात पट लवकर यावा म्हणून लोक देवाला नवस बोलत होते आणि एकटी मी पट पुढे जावा म्हणून बोलत होते. कारण पट झाला की जाऊ जाणार. मी तिला एकदा चाचपून पाहिलं, म्हटलं, "बाई, आता तं बैलाले तुमची सवय झाली." ती म्हणाली, "सवय मोडते वं. मानसाची मोडते तं बैलाची नाई मोडनार?" वरोऱ्याहून जावयाचा फोन आला, पट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता. तांबड्यासाठी गिऱ्हाईकही ठरलं होतं. जाऊने आपली पेटी आवरायला घेतली.

पटाचा दिवस उजाडला. पट तलावापलीकडच्या गावाला होता. नवऱ्याने सकाळी बैलांना धुतलं, शिंगांना रंग लावला, भासऱ्यांचा जुना दुपट्टा डोक्याला गुंडाळला. दुपट्टा त्याला जाऊने दिला होता. जोडी निघाली तेव्हा मी तिच्याकडे गेले. मी तयार होते, डोक्यात फूलसुद्धा माळलं होतं.

"चला ना बाई."

"तू जाय. मी नाई येत."

"काऊन? इतके दिवस लाडू चारले आन आता पळाले पाहाले नाई येनार?"

"मले नाई पाहावत," ती म्हणाली. "जो पळवनार होता तो नाई. मी काय पाहू?"

मला राग आला. दुःख तिचं होतं हे मला कळत होतं, तरी आला. मी डोक्यातलं फूल काढून तुळशीत टाकलं आणि तिच्या पायरीवर बसकण मारली. म्हटलं, "मंग मीबी नाई जात." ती म्हणाली, "जाय ना वं, येड्यासारखं काऊन करून राह्यली." मी गेले नाही. दोघी दुपारपर्यंत तिथे बसून राहिलो. तलावापलीकडून भोंग्यावरच्या माणसाचा आवाज वाऱ्याबरोबर तुटक तुटक यायचा, शब्द कळत नव्हते. आत खाटेखाली तिची पेटी बांधून ठेवलेली होती. मी पुन्हा पुन्हा त्या पेटीकडे बघत होते आणि तिला ते दिसत होतं.

मग मला घुंगरं ऐकू आली.

मी म्हटलं, कोणाची तरी दुसरी जोडी असेल. पट आटोपायला अजून अवकाश होता. पण जाऊ उठून उभी राहिली. तिने आवाज ओळखला होता. ती म्हणाली, "आपले आहेत." आणि तलावाच्या वळणावरून धूळ उठली. त्या धुळीतून तांबडा आणि पांढरा निघाले. मान खाली, शेपट्या वर, रस्त्यावर नवी नाल खणखणत होती. बैलांना असं पळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. छकडीत माझा नवरा दोन्ही हातांनी दांडा धरून बसला होता, त्याच्या हातात कासरा नव्हता. दुपट्टा डोक्यावरून सुटून गळ्यात आला होता. त्यांच्या मागे चार-पाच मोटारसायकली, त्यांच्यावर पोरं, पोरांच्या हातात मोबाइल, सगळे हसत आणि ओरडत होते.

काय झालं ते नंतर आम्ही मोबाइलवर पाहिलं. पटाचं मैदान आमच्या गावाच्या उलट बाजूला, जंगलाच्या दिशेने आखलेलं होतं. झेंडी पडली, शेजारची जोडी बाणासारखी सुटली, आणि आमची जोडी जागच्या जागी उभी. नवऱ्याने हाका मारल्या, कासरा झटकला. काही नाही. बैलांनी समोर पाहिलं, समोर जंगल. मग तांबड्याने मान वळवली. पांढऱ्यानेही वळवली. आणि दोघं एका अंगाने वळून, भज्यांच्या दुकानाला वळसा घालून, मैदानातून बाहेर पडले आणि रस्त्याला लागले. भोंग्यावरचा माणूस ओरडत होता, "ही जोडी घरी निघाली भाऊ, हिले कोनी थांबवू नका, घरी भात निवून राह्यला!" सगळं मैदान पोट धरून हसत होतं. हार-जीत सोडाच, आमची जोडी पटात धावलीच नाही. ती तिथून थेट घरापर्यंत धावली.

आणि जाऊच्या पायरीसमोर, रोजच्याच जागी, येऊन उभी राहिली. तोंडाला फेस, छात्या भात्यासारख्या हलत होत्या. दोघांनी माना पुढे काढल्या आणि वाट बघत राहिले.

जाऊ आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत लाडू होते. जाणार होती, पेटी बांधून झाली होती, तरी तिने सकाळी उठून लाडू केले होते. एक तांबड्याला दिला, एक पांढऱ्याला. मग तांबड्याच्या दोन शिंगांमध्ये कपाळ टेकलं आणि रडायला लागली. दुःखाचं ते साठलेलं रडणं, मोठ्याने, अंगणभर ऐकू जाईल असं. मोटारसायकलवरची पोरं हसायची थांबली. एकाने मोबाइल खिशात घातला. मी त्यांना हातानेच जा म्हणून खुणावलं, आणि ते गाड्या ढकलत ढकलत, आवाज न करता निघून गेले.

नवरा छकडीतून उतरला. घाम आणि धूळ यांनी त्याचं तोंड माखलेलं होतं. तो जाऊसमोर मान खाली घालून उभा राहिला, लहान मुलासारखा.

"वैनी, लाज गेली. दादाचं नाव घालवलं मी."

जाऊने पदराने तांबड्याच्या तोंडाचा फेस पुसला, मग पांढऱ्याच्या. बराच वेळ पुसत राहिली. दोन्ही बैल तिच्या अंगाला अंग घासून उभे होते आणि कोणालाच कुठे जायचं नव्हतं. मी पायरीवर जीव मुठीत धरून बसले होते. पट झाला होता. आता ती काय म्हणते, तेवढंच ऐकायचं होतं, आणि नाही म्हणणार नाही असा शब्द मी दिलेला होता.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तांबड्याच्या मानेवर थाप मारली, अगदी भासरे मारायचे तशी, आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात त्याला म्हणाली,

"सांग रे तुया बाईले, चा ठेव म्हना. आन वरोऱ्याले फोन लाव म्हना. गाडी आनू नका म्हना, आमची जोडी इथीच राह्यते."

मला जे म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं, वर्षानुवर्षं म्हणत आलेलं. मी पदर सावरला आणि म्हटलं, "बैलाले म्हनावं, साखर सरली. गुळाचा चालते का?"

"चालते म्हना," जाऊ म्हणाली. "गुळाचा तं आनखी चांगला."

मी घरात गेले. साखरेचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. तो मी मागे सारला आणि गूळ शोधायला लागले. गूळ नेहमीच्याच जागी होता, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून सापडायला जरा वेळ लागला.